सर ॲम्ब्रोज कप हलवतात

सातारा,
४ मार्च २०१३

कल्पनाबाई,
नमस्कार.

हस्तलिखित मिळालं. एका बैठकीत वाचलं, कारण एकदा उठलो असतो तर पुन्हा बसायची माझी छाती झाली नसती. रागावू नका. इतकी वर्षं स्टाफरूममध्ये तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलोय, तेव्हा गुळमुळीत लिहिलं तर तुम्ही ओळखालच.

सर ॲम्ब्रोज टिलिंग हा माणूस मी मुद्दाम तुम्हाला दिला होता. खेड्यातून लंडनला आलेला पोरगा. कापडाच्या दुकानात उमेदवारी, मग स्वतःचा व्यापार, मग सावकारी पेढी आणि थेट राजाशी व्यवहार. १६६६ सालच्या लंडनच्या आगीत दुकान जळतं, तो पुन्हा उभा राहतो आणि शेवटी पार्लमेंटात जाऊन बसतो. असा माणूस हाती आला आणि तुम्ही त्याला दहावीच्या पेपराला बसवलंत. 'टिलिंग यांच्या कार्याचे महत्त्व' नावाचं प्रकरण आहे, त्यात मुद्दे आहेत. बाई, मी गणिताचा मास्तर, पण मलाही घाम फुटला.

तुम्हाला ठाऊक आहे की आमच्या चरित्रमालेतलं हे शेवटचं पुस्तक. त्यानंतर भाचा छापखान्यात लग्नपत्रिका छापणार आहे, आणि त्याचं बरोबर आहे, लग्नं होतच राहतात. दिवाळीसाठी कागद घेऊन ठेवलाय. नवरात्रापर्यंत नवीन हस्तलिखित आलं तर तुमचं छापेन. नाही आलं तर कराडचे एक प्राध्यापक टिलिंगवर लिहून तयारच आहेत. पण जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं शिकवलीत, एकावर तरी तुमचं नाव असावं असं मला फार वाटतं.

ईमेल करू नका. भाचा उघडतो आणि विसरतो.

तानाजी निकम

०

वादी अदाई, मस्कत,
२३ मार्च २०१३

सर,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. राजीवला वाटलं आईला घरची आठवण येतेय, म्हणून त्याने मला मॉलमध्ये फिरवून आणलं. सूनबाईने पाय चेपायचं यंत्र आणलं. मुलाच्या घरी आलेल्या आईला रुसायची सोय नसते, लगेच तिला काहीतरी विकत आणून देतात.

तुम्ही बोललात ते खरं आहे, म्हणूनच इतकं लागलं. पण माझीही अडचण ऐका. राजीवने मागवून दिलेल्या दोन्ही इंग्रजी पुस्तकांत टिलिंगचा जन्म आहे, पदं आहेत, निवडणुका आहेत. हा माणूस गिऱ्हाइकाशी कसा बोलायचा, दुकान कसं उघडायचा, कुणावर डाफरायचा, यावर एक ओळ नाही. बायकोचं नाव मार्जरी, एवढंच चर्चच्या नोंदीत आहे. मी पगारावर जगलेली बाई, मला व्यापारातलं काय कळतंय?

परवा खालच्या मजल्यावरच्या गुलबानूपुढे हेच रडगाणं गायले. ती श्रीवर्धनची. तिचे यजमान इक्बालभाई यांचं रुस्ताकला कापडाचं दुकान आहे, मस्कतहून दोनेक तासांवर. ते आठवडाभर तिकडे राहतात आणि ही शनिवारी डबे घेऊन जाते. ती म्हणाली, "बाय, व्यापारी बघायचा तर घरात बसून काय बघनार? शनवारी चला माझ्यासंगती." म्हणून जाणार आहे.

आणि एक उघडच सांगते. मला ते पुस्तक हवंय. माझं नाव छापलेलं हवंय. या वयात शोभत नसेल, पण हवंय.

कल्पना

०

सातारा,
११ एप्रिल २०१३

बाई,

शोभतंय, शोभतंय. शनिवारची सहल जरूर करा, हवापालट होईल आणि मुद्दे काढायची सवय सुटेल. मात्र सहलीत रमू नका. नवरात्र म्हणजे नवरात्र.

तुमच्या वहिनी विचारतात, तिकडे खोबरं कसं मिळतं.

तानाजी

०

वादी अदाई,
१६ जून २०१३

सर,

खोबरं केरळचं मिळतं आणि उत्तम मिळतं, वहिनींना सांगा.

सोबत नवीन दोन प्रकरणं पाठवते आहे, एक उमेदवारीचं, दुसरं टिलिंगच्या स्वतःच्या दुकानाचं. कशी झालीत ते तुम्ही ठरवा. मला एवढंच कळतं की पूर्वी लिहिताना जांभया यायच्या, आता सूनबाई जेवायला हाका मारते आणि मला ऐकू येत नाही.

रुस्ताकला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते दुकान आहे. छतापर्यंत ताग्यांच्या थप्प्या आणि दारात एक बाकडं. बाकड्यावर हसनबाबा बसतात. ते इक्बालभाईंचे अर्बाब, म्हणजे दुकानाचा परवाना ज्यांच्या नावावर आहे ते ओमानी गृहस्थ. त्यांना धंद्यात काडीचा रस नाही, फक्त येणाऱ्याजाणाऱ्याच्या बातम्या हव्या असतात. इक्बालभाई स्वतः एकदम गोड आणि एकदम खडूस, दोन्ही एकाच वाक्यात. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की हात जोडून म्हणतात, "घेऊन जा, फुकट घेऊन जा, मी पोरांना सांगेन बाप दानशूर होता." गिऱ्हाईक हसतं आणि पुरते पैसे देतं.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसते. पहिल्या शनिवारी सगळे अवघडले. आता मला कुणी विचारत नाही, उलट फॉल-अस्तराचा रंग जुळवायला मलाच बोलावतात. दुपारी दुकान बंद झालं की गुलबानूच्या हातचं जेवण, आणि मग मी लिहायला बसते.

कल्पना

०

सातारा,
८ जुलै २०१३

बाई,

काय झालंय तुम्हाला? हा माणूस चालायला लागला. सर ॲम्ब्रोज हात जोडून 'फुकट घेऊन जा' म्हणतात तिथे मी इतका मोठ्यांदा हसलो की भाचा यंत्र बंद करून बघायला आला. दुकानात आल्यावर आधी घरची, मग गावची, मग बंदराची बातमी विचारायची आणि मगच कापडाला हात लावायचा, ही तर कमाल रीत आहे. कॉफी पीत पीत जगाच्या बातम्या ऐकणारा तो म्हातारा भागीदारही फार आवडला. हे सगळं तुम्हाला सापडलं कुठे? इंग्रजांचा खाजगी कागद इतका बोलका असतो हे मला माहीत नव्हतं.

मी उत्साहाच्या भरात जाहिरातीचं पत्रक छापून टाकलं. मालेच्या सगळ्या वर्गणीदारांना गेलंसुद्धा. 'अस्सल साधनांवर आधारलेले टिलिंगचे जिवंत चरित्र, लेखिका कल्पना खांबेटे.' एक प्रत सोबत आहे, राजीवला दाखवा. कराडच्या प्राध्यापकांना नम्रपणे थांबायला सांगितलंय.

आगीचं प्रकरण लवकर पाठवा. सारं पुस्तक त्यावर उभं राहणार.

तानाजी

०

वादी अदाई,
१ सप्टेंबर २०१३

सर,

पत्रक फ्रिजवर चुंबकाने लावलंय. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दिवसातून किती वेळा स्वयंपाकघरात जाते ते सूनबाईला विचारू नका.

साधनांचं म्हणाल तर लंडनच्या कॉफीगृहांवर भरपूर छापलेलं आहे. टिलिंगच्या तरुणपणीच ती निघाली आणि व्यापारी तिथे बसून बातम्यांची देवाणघेवाण करायचे. हे खरं आहे, पडताळून पाहिलंय. इथेही अगदी तसंच चालतं, त्यामुळे मला लिहायला सोपं गेलं.

उशीर झाला, कारण मध्ये रुस्ताकला पाऊस झाला. इथे डोंगरात पाऊस पडला की एरवी कोरडी पडलेली नदी, म्हणजे वादी, बघता बघता भरून येते. ती दुकानात शिरली. खालच्या दोन रांगांतलं सगळं कापड चिखलात गेलं. गुलबानूचा फोन आला. आम्ही राजीवच्या गाडीने पोचलो, तर इक्बालभाई पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रस्त्यात उभे. मला वाटलं धीर द्यावा, पण ते म्हणाले, "यल्ला बाय, चला, ते टोक धरा." रस्त्याच्या कठड्यावर आम्ही तागे उलगडून वाळत घातले. हसनबाबांनी मोडकं बाकडं पुसून मध्ये ठेवलं आणि त्या दिवशीही दुकान चालू राहिलं, रस्त्यावर. निम्मं कापड गेलं. पण येईल त्याला कॉफी मिळाली.

असो. सोबत आगीचं प्रकरण आहे, आणि टिलिंगच्या निवडणुकीचंही. निवडणुकीचं लिहिताना मजा आली. इक्बालभाई इथल्या कोकणी मंडळींच्या क्रिकेट क्लबाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले होते, त्याच सुमारास.

कल्पना

०

सातारा,
१८ सप्टेंबर २०१३

बाई,

आगीचं प्रकरण वाचलं आणि डोळे पुसले. लपवत नाही. सारं शहर राखेत, आणि सर ॲम्ब्रोज पायमोजे गुंडाळून रस्त्यात उभे आहेत, अर्धवट जळलेले तागे कठड्यावर पसरलेत, मोडक्या बाकड्यावर दुकान चालू आहे. वहिनींना वाचून दाखवलं, त्यांनी पदर डोळ्याला लावला. मी उद्याच जुळणीला देतो.

१९ सप्टेंबर

बाई, काल हे पत्र पेटीत टाकायचं राहिलं आणि ते बरंच झालं.

जुळणीला द्यायच्या आधी सकाळी शांतपणे पुन्हा वाचलं. सर ॲम्ब्रोज लंडनचं दुकान दुपारी एक ते चार बंद ठेवतात, 'ऊन उतरेपर्यंत.' महिना डिसेंबर आहे. डिसेंबरात लंडनला चार वाजता सूर्य मावळतो, बाई. म्हणजे हा माणूस ऊन उतरायची वाट बघून अंधारात दुकान उघडतो. मग मी पेन्सिल घेऊन बसलो. पान एकेचाळीसवर आग विझल्यावर तागे 'चिखल झटकून' वाळत घातलेत. आगीत चिखल? निवडणुकीच्या प्रकरणात लेडी मार्जरी घरोघरी तांदळाची वाफवलेली गोड सांदणं वाटते आणि मतं मागते. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये सांदणं?

आणि हा सर ॲम्ब्रोज पाहुण्याकडे गेला की कॉफी पिऊन दर वेळी रिकामा कप दोन बोटांत धरून हलवतो का? तीन प्रकरणांत हलवलाय. मला वाटलं होतं, इंग्रजी शिष्टाचार असेल. काल कौतुकाने वहिनींना करूनही दाखवला.

खरं सांगा. हा कोण माणूस आहे? पत्रकावर मी 'अस्सल साधने' छापलंय.

तानाजी

०

वादी अदाई,
३ ऑक्टोबर २०१३

सर,

तुमचं पत्र गुलबानूच्या स्वयंपाकघरात उघडलं. वाचून संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिने विचारलं काय झालं, तेव्हा मी मोठ्याने वाचून दाखवलं. सांदणांपाशी ती अशी हसायला लागली की तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. क्लबाच्या निवडणुकीत सांदणं वाटली होती तिने, स्वतः, घरोघरी. इक्बालभाई मत मागायला लाजतात. मीच बरोबर डबा धरून फिरले होते.

कपाचं सांगते. इथे यजमान लहानशा कपात कॉफी ओततो आणि कप रिकामा झाला की पुन्हा ओततो. नको म्हणायचं नसतं. पुरे झालं की कप हलवायचा, तोवर तो ओतत राहणार. शनिवार-शनिवार हे बघून बघून मला वाटायला लागलं की व्यापारी म्हणजे कप हलवणारच. सर, मी खोटं लिहायला बसले नव्हते. मला खरंच कळलं नाही की टिलिंग कुठे संपला आणि इक्बालभाई कुठे सुरू झाले. ज्या मुलांना मी ऐकीव गोष्ट आणि पुरावा यांतला फरक शिकवला, त्यांनी हे पत्र वाचू नये म्हणजे झालं.

नंतर मी वर येऊन रडले. पत्रक फ्रिजवरून काढलं. राजीव म्हणाला राहू दे, मी म्हटलं नको.

मी दुरुस्त करून बघितलं. सांदणं काढली, चिखल काढला, दुपारची झोप काढली, कप काढला. मग 'फुकट घेऊन जा' काढलं, रस्त्यावरचं दुकान काढलं. जे उरलं ते पुन्हा तुमच्या त्या दहावीच्या पेपरासारखं. टिलिंग आग लागल्यावर त्याच जागी पुन्हा धंद्याला बसला, एवढंच पुस्तकात आहे. कसा बसला ते कुणी लिहिलेलं नाही, आणि मला लिहायचा हक्क नाही.

तेव्हा प्राध्यापकांचं छापा. तुमची माला चुकीच्या पुस्तकाने संपू नये. मला वाईट वाटतंय, खूपच वाटतंय, पण नाव छापून यायचं तर ते खऱ्या पुस्तकावर यायला हवं.

वहिनींना सांगा, कप तुम्ही बरोबर हलवलात.

कल्पना

०

सातारा,
२४ ऑक्टोबर २०१३

बाई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी प्राध्यापकांचं हस्तलिखित वाचायला घेतलं. त्यात एकही चूक नाही. दोनदा वाचायला घेतलं आणि दोनदा झोप लागली. दुसऱ्या वेळी तर चष्मा अंगाखाली गेला. दुरुस्तीचा खर्च मी त्यांच्याकडे मागणार नाही.

मग तुमचं घेतलं. लाल पेन्सिलीने जे इक्बालभाईंचं वाटलं त्यावर काट मारत गेलो. शेवटी पानं लाल झाली. आणि बघता बघता लक्षात आलं की मी काट मारलेलाच मजकूर वाचतोय, न मारलेला नाही.

बाई, तुमची चूक एवढीच की एका माणसाचे कपडे दुसऱ्याला घातलेत. ते परत करा. इक्बालभाईंना त्यांच्या नावाने, त्यांच्या दुकानात, रुस्ताकला बसवा. प्रत्येक प्रकरण तिथून सुरू करा. वादी आली, तागे रस्त्यावर आले, हे जसं तुम्ही डोळ्यांनी बघितलं तसं लिहा. मग सरळ सांगा की टिलिंगनेही आगीनंतर त्याच जागी धंदा मांडला, कसा मांडला ते आपल्याला माहीत नाही, पण मी असं मांडताना एकाला बघितलं आहे. कॉफीगृहांचं खरं आहे ना? मग ते ठेवा. कप इक्बालभाईंनीच हलवावा.

मालेचा नियम आहे, एका पुस्तकात एकच चरित्र. नियम मी केला होता, मीच मोडतो. दिवाळी हुकली तर हुकली, कागद नासत नाही. नवीन पत्रक छापतो, त्यात 'अस्सल साधने' हे शब्द राहू द्यायचे आहेत, कारण आता ते खरे होतील. प्राध्यापकांना मी स्वतः कराडला जाऊन भेटलो. त्यांनी चहा दिला आणि 'मला वाटलंच होतं' असं म्हणाले. मला थोडं वाईट वाटलं.

इक्बालभाईंची परवानगी मात्र आधी घ्या. त्यांना चालत नसेल तर मला दुसरं काही सुचत नाहीये.

तानाजी

०

वादी अदाई,
१५ फेब्रुवारी २०१४

सर,

पार्सल गुरुवारी पोचलं. मी ते उघडलं नाही. राजीवने कात्री आणली तरी नाही. शनिवारपर्यंत तसंच ठेवलं आणि रुस्ताकला घेऊन गेले.

परवानगीची गोष्ट तुम्हाला सविस्तर कळवायची राहिली होती. मी बिचकत विचारलं, तेव्हा इक्बालभाईंनी हातातला तागा आधी पुरता गुंडाळला. मला वाटलं, संपलं. मग म्हणाले, "बाय, या गोऱ्याचं दुकान माझ्यापेक्षा मोठं होतं काय?" म्हटलं, बरंच मोठं. म्हणाले, "मंग खलास, चालंल. लहान गोऱ्याबरोबर मी नसतो बसलो."

आज त्यांनीच कात्री चालवली. पुस्तक वर आलं. मुखपृष्ठावर केसांचा टोप घातलेला सर ॲम्ब्रोज आणि खाली रुस्ताकचं दुकान, राजीवने काढलेल्या फोटोवरून केलेलं. सुरेख छापलंय. भाच्याला माझा आशीर्वाद कळवा, लग्नपत्रिका चांगल्या निघतील. गुलबानूने पहिल्यांदा सांदणांचं पान शोधलं आणि आपलं नाव तीनदा वाचलं. इक्बालभाईंनी एक प्रत काचेच्या कपाटात, रेशमी तागे असतात तिथे, उभी करून ठेवली. आता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला टोपवाला दाखवून सांगतात की हा माझा लंडनचा भागीदार. भाव पाडायला आलेलं एक गिऱ्हाईक हे ऐकून पुरते पैसे देऊन गेलं.

हसनबाबांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. इक्बालभाईंना त्यांनी अरबीत विचारलं की हा माणूस कोण. इक्बालभाईंनी टिलिंगचं अख्खं आयुष्य सांगितलं, गाव, उमेदवारी, पेढी, राजा, पार्लमेंट. बाबांनी राजाला काही महत्त्व दिलं नाही. एवढंच विचारलं, आग लागल्यावर त्याने दुकान पुन्हा उघडलं का? उघडलं म्हटल्यावर मान डोलावली आणि किटली उचलली. मग मला जवळ बसवलं, माझ्या हातात कप दिला आणि ओतू लागले.

सर, मी पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. कल्पना खांबेटे, असं छापलंय. अक्षरं जरा उठून आहेत, त्यांवरून बोट फिरवलं की कळतात. मी बोट फिरवत होते आणि मधेमधे कप तोंडाला लावत होते. कप रिकामा झाला की बाबा भरत होते. किती वेळ असं चाललं होतं कुणास ठाऊक. शेवटी गुलबानूने मला हलवलं आणि म्हणाली, "बाय, कप हलवा ना, बाबांची किटली संपली."

मला सुचलंच नव्हतं.

कल्पना